बायकोसाठी, जरा हलक्या धक्क्याची

वेंडल टेशला एक बंदूक विकत घ्यायची होती, आणि ती त्याला का हवी आहे हे गावात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आमच्या गावात पहिली गोष्ट फार सोपी आहे. दुसरी आजवर कुणाला जमलेली नाही.

त्याच्याकडे बंदूक नव्हती असं नाही. होती, हीच तर अडचण होती. लग्नात सासऱ्याने, म्हणजे अँब्रोझ वान्टाने, स्वतःच्या हाताने दिलेली होती. उत्तर विस्कॉन्सिनच्या जंगलातलं हरीण सोडा, अस्वल समोर आलं तरी आडवं होईल अशा दणक्याची. अँब्रोझचं शास्त्र सरळ होतं. याहून लहान गोळी मारली तर हरणाला गुदगुल्या होतात. जावयाला दहावा ग्रह म्हणतात, पण वान्टांच्या घरात ग्रहमान उलटं होतं. तिथे नऊही ग्रह सासराच होता आणि दहाव्याला फक्त फिरायचं काम होतं.

वेंडल शाळेत बँड शिकवायचा. सहावीची तीस पोरं एकाच वेळी ट्रम्पेट फुंकायला लागली तरी त्याच्या पापणीचा केस हलत नसे. पण त्या बंदुकीचा दस्ता खांद्याला लागला की त्याचं धैर्य संपायचं. घोडा दाबायच्या आधीच त्याचे डोळे मिटायचे, खांदा मागे जायचा आणि गोळी जायची आभाळात. लग्न झाल्यापासून वेंडलच्या हातून एकाही हरणाला इजा झाली नव्हती. इजा झाली होती ती वेंडलला. गेल्या नोव्हेंबरात बंदुकीवरची दुर्बीण मागे येऊन भुवईवर आदळली आणि तिथे चंद्रकोरीसारखी खूण उमटली. शाळेत त्याने सांगितलं की कपाटाचं दार लागलं. मुलांनी विश्वास ठेवला नाही, कारण त्यांच्यापैकी निम्म्यांच्या काकांना तेच कपाट लागलेलं होतं.

हे सगळं तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणून चाललं असतं आणखी वीस वर्षं. पण ईस्टरच्या जेवणात अँब्रोझने हॅमचा तुकडा तोडता तोडता सहज विचारलं, "वेंडल, या वर्षी शिकारीच्या कॅम्पवर तू आतच थांबतोस का? स्वयंपाकाचं बघ. तुझ्या हातचे बीन्स चांगले होतात."

कोरीन, म्हणजे वेंडलची बायको, म्हणाली, "वा, बाबांनी तुझं कौतुक केलं."

कौतुक! आमच्याकडे हरणाच्या हंगामात एखाद्या धडधाकट पुरुषाला 'तुझे बीन्स चांगले होतात' असं म्हणणं म्हणजे त्याला जिवंतपणी फोटोत घालून हार चढवण्यासारखं आहे. वेंडलचा मेहुणा ड्वेन समोरच बसला होता. तो ताटात बघत हसला. त्या रात्री त्याने ठरवलं की या वर्षी हरीण पाडायचंच, आणि त्यासाठी अशी बंदूक घ्यायची की जी माणसाला लाथ मारत नाही.

आता असली बंदूक निवडायची तर चार लोकांना विचारावं लागतं. वेंडलने शेजारच्या हार्लनला कुंपणावरून विचारलं, तेही स्वतःचं नाव न घेता. "माझ्या एका मित्राला जरा कमी धक्क्याची बंदूक बघायचीय."

हार्लनने पानं गोळा करायचा खराटा टेकवून ठेवला. सल्ला द्यायचा असला की तो आधी हात मोकळे करतो. "मित्राला सांग, हलकी बंदूक घेऊ नको म्हणावं. लोकांना वाटतं हलकी म्हणजे कमी धक्का. साफ चूक! बंदूक जितकी जड तितका धक्का कमी. मित्राच्या भुवईला लागलंय का रे?"

"मित्राच्या? नाही, नाही."

"मग तुझ्या भुवईला लागलंय ते कसं?"

वेंडलने पाऊस येईल असं वाटतं म्हणून विषय बदलला. आभाळ स्वच्छ होतं.

दातांचा डॉक्टर पडला शिकारी. त्याने वेंडलच्या तोंडात दोन हत्यारं आणि एक बोट घालून ठेवलं आणि मग निवांतपणे समजावलं की नळीच्या टोकाला भोकाभोकांची टोपी बसवून घ्यायची, धक्का निम्मा होतो. वेंडलने 'आँ, आँ' करून आवाजाचं काय ते विचारलं. डॉक्टर म्हणाला, "काय?" वेंडलने पुन्हा विचारलं. डॉक्टर पुन्हा म्हणाला, "काय?" त्याच्या स्वतःच्या बंदुकीला ती टोपी बारा वर्षं होती. वेंडलला उत्तर मिळालं.

पोस्टातला माणूस म्हणाला, गोळी बारीक घे. कौन्सिलर बाई म्हणाल्या, गोळी बारीक नको, काडतूस आखूड घे. चर्चमध्ये पियानो वाजवणारा म्हातारा म्हणाला, काही नको, फक्त जाड रबराची गादी लाव दस्त्याला, आणि श्रद्धा ठेव. एवढं सगळं ऐकून वेंडलला हे कळलं की गावातल्या प्रत्येक माणसाला कमी धक्क्याच्या बंदुकीची खडान्‌खडा माहिती आहे, आणि एकाकडेही तसली बंदूक नाही. सगळ्यांची माहिती कुठल्या ना कुठल्या मित्राकडून आलेली होती. याचा अर्थ तेव्हाच त्याच्या डोक्यात शिरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या भीतीपलीकडचं दिसत नाही.

शेवटी एका शनिवारी तो बड स्कीबाच्या दुकानात शिरला. बडचं दुकान म्हणजे आमची दुसरी पंचायत. काउंटरजवळ कॉफीचं भांडं, त्याभोवती पाचसहा रिकामटेकडे, आणि भिंतीवर मारलेल्या हरणांची डोकी. ती सगळी डोकी आपल्याकडेच बघताहेत असं वेंडलला वाटलं.

"बोला मास्तर, काय दाखवू?" बडने एवढ्या मोठ्याने विचारलं की कॉफीवाल्यांची बोलणी थांबली.

वेंडलने घसा साफ केला. "एक बंदूक हवी होती. हरणासाठी. जरा हलक्या धक्क्याची."

बडने त्याच्या खांद्याकडे बघितलं, मग भुवईकडे बघितलं. एका कॉफीवाल्याने कप खाली ठेवला. तेवढ्यात बडचा चेहरा उजळला. "अच्छा, अच्छा! वहिनींसाठी होय?"

बुडत्याला काडीचा आधार. "हो," वेंडल म्हणाला. "बायकोसाठी."

झालं. त्या एका शब्दाने सगळं दुकान मायेने भरून गेलं. बडने आतून एक सुरेख बंदूक आणली. गोळी मध्यम, दस्ता अक्रोडाचा, वजन अंमळ जास्त, मागे रबराची जाड गादी, वर दुर्बीण. वेंडलने ती खांद्याला लावली आणि त्याला गहिवरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा एका बंदुकीने त्याच्याशी सभ्यपणाने वागायचं कबूल केलं होतं.

मग बडने सरकारी फॉर्म पुढे सरकवला. पहिलाच प्रश्न असा की बंदुकीचे खरे खरेदीदार तुम्हीच आहात का. वेंडलच्या हातातलं पेन थांबलं. हो म्हणावं तर बायकोचं काय? नाही म्हणावं तर तुरुंग.

"भेट देताय ना वहिनींना?" बड म्हणाला. "मग 'हो'च लिहायचं. भेट चालते. पण खरोखरची भेट पाहिजे हां मास्तर. नावाला दुसऱ्यासाठी घ्यायची आणि वापरायची तिसऱ्याने, असली भानगड सरकारला खपत नाही."

वास्तविक वेंडल ती स्वतःसाठीच घेत होता. कायद्याच्या दृष्टीने त्याच्याइतका निष्पाप माणूस त्या दुकानात नव्हता. पण तो पडला मास्तर. 'हो' लिहिताना त्याला घाम फुटला, आणि घरी जाईपर्यंत त्याची खात्री पटली की आपण सरकारशी तरी खोटं बोललोय किंवा बडशी तरी, आणि दोन्हींतलं कुठलं जास्त महागात पडेल ते सांगता येत नाही. त्यात वरून तपासणीचा निरोप आला की थांबा. कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात दुसरा एक वेंडल टेश होता आणि त्याने काहीतरी करून ठेवलं होतं. चौकशी होईपर्यंत बंदूक बडकडेच राहणार.

बंदूक थांबली, बातमी थोडीच थांबते? दोन दिवसांत गावभर झालं. किराणाच्या दुकानात बाया वेंडलचा दंड धरून म्हणायला लागल्या, "नवरा असावा तर असा!" हार्लनने कुंपणावरून ओरडून सांगितलं, "मित्राचं लग्न झालेलं बघून आनंद झाला!" ही बातमी फक्त एका माणसाला ठाऊक नव्हती, ती म्हणजे कोरीन. वेंडल रोज संध्याकाळी सांगायला तोंड उघडायचा आणि 'मीठ दे' म्हणून मिटायचा.

शुक्रवारच्या फिश फ्रायला, तळलेले मासे खायला, सगळे नेहमीच्या सपर क्लबाच्या हॉटेलात जमले. बंदूक त्याच दुपारी सुटली होती आणि गाडीच्या डिकीत ब्लँकेटखाली झोपली होती. अँब्रोझ ब्रँडीचा ग्लास घेऊन टेबलापाशी आला. ऐंशीला टेकलेला, दाराच्या चौकटीएवढा माणूस, पण आज त्याचा चेहरा काही वेगळाच दिसत होता. तो बसला नाही. कोरीनच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"पोरी, मला बडकडून कळावं?" तो म्हणाला. "तुला कॅम्पला यायचंय, तर बापाला नाही का सांगायचं?"

कोरीनने तोंडातला मासा गिळला. तिने बापाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. वेंडल त्या वेळी कोबीच्या कोशिंबिरीत इतका बुडाला होता की त्याचे फक्त कान दिसत होते. लाल झालेले.

"हो बाबा," कोरीन म्हणाली. "येणार आहे मी."

गाडीत बसल्यावर तिने चावी फिरवली नाही. "आता बोल."

वेंडलने सगळं सांगितलं. भुवई, बीन्स, बड, दुसऱ्या राज्यातला वेंडल टेश. सांगताना त्याला लाज वाटत होती आणि जरा बरंही वाटत होतं.

कोरीनने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "मी बारा वर्षांची होते," ती म्हणाली. "कॅम्पला जायला पिशवी भरून पायरीवर बसले होते. बाबांनी ड्वेनला घेतलं. तो दहा वर्षांचा, गाडीत ओकायचा. मला म्हणाले, आईला मदत कर. त्यानंतर मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी बोलावलं नाही."

"मला माहीत नव्हतं गं."

"तू पण कधी विचारलं नाहीस." तिने गाडी सुरू केली. "बंदूक कुणाची आहे?"

वेंडलला डिकीतला अक्रोडाचा दस्ता आठवला, ती रबराची गादी आठवली. "तुझी," तो म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कोरीनने शिकारीचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, त्यामुळे कायद्याने तिच्याजवळ, हात पोचेल इतक्या अंतरावर, एक शिकलेला शिकारी सतत असायला हवा होता. तो मान नवऱ्याकडे आला. म्हणजे वेंडल त्याच मचाणावर बसणार, शेजारी त्याच्या स्वप्नातली बंदूक बायकोच्या मांडीवर, आणि त्याच्या स्वतःच्या मांडीवर सासऱ्याची लाथाडी. आगीतून फुफाट्यात पडलेल्याला निदान आग तरी मागे राहिल्याचं समाधान असतं. वेंडलला तेही नव्हतं.

नोव्हेंबरात, हंगामाआधीच्या गुरुवारी, सगळे कॅम्पवर पोचले. कॅम्प म्हणजे लाकडाची एक खोली, एक चूल, चार खाटा आणि एक भिंत. भिंतीवर कापडाच्या चिंध्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. जो कुणी हरणावर गोळी झाडेल आणि ज्याचा नेम चुकेल, त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, वर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर मारायची, अशी आमच्याकडची जुनी रीत आहे. कोरीन त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी होती. अँब्रोझच्या तीन होत्या, ड्वेनच्या पाच. वेंडलने एकट्याने एक आख्खा कोपरा सजवला होता.

"दाजी, तुमच्यामुळे भिंतीला ऊब आहे हो," ड्वेन म्हणाला.

त्याच दुपारी जवळच्या खडीच्या खाणीत बंदुकांचा नेम लावायचा कार्यक्रम झाला. अँब्रोझने आपल्या मोठ्या बंदुकीने एक बार काढला आणि 'ठीक आहे' म्हणून ती लगेच पिशवीत घातली. ड्वेनने दोन काढले. वेंडलने डोळे मिटून एक. कोरीनने तीन काढले, आणि तिन्ही भोकं एका बशीखाली झाकली जातील अशी पडली. "अगंबाई," ती म्हणाली, "काहीच लागत नाही की खांद्याला!" तिन्ही पुरुषांनी एकाच वेळी दुसरीकडे बघितलं.

मग कोरीन शिकारीत घालायची नारिंगी टोपी आणि जाकीट आणायला गाडी घेऊन गावात गेली. दुसऱ्याच मिनिटाला अँब्रोझ म्हणाला, "पोरीची बंदूक एकदा बघून घेतो. नव्या मालाचा भरवसा नाही." तो एकटाच खाणीकडे गेला. बार ऐकू आले, एक, दोन, मग बरेच. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या बाळाला बघितलेल्या बापाचं हसू होतं. "ठीक आहे," तो म्हणाला, "जरा बघावं लागेल." मग ड्वेन म्हणाला, "ताईची आहे, मी पण एकदा खात्री करतो." तोही गेला, तोही बराच वेळ आला नाही.

वेंडल शेवटी गेला. स्वतःच्या बंदुकीला भेटायला चोरासारखं जावं लागलं याचं त्याला फार वाईट वाटलं. त्याने ती खांद्याला लावली, डोळे उघडे ठेवले आणि घोडा दाबला. बंदुकीने त्याला नुसतं थोपटलं. पण खांदा सवयीने मागे गेलाच, आणि गोळी कागदाच्या कडेला गेली. आपल्या नजरेत काहीतरी दोष आहे असं समजून त्याने दुर्बिणीवरची नेम सरकवणारी चकती चार टिचक्या उजवीकडे फिरवली. आता खांदा तसाच गेला, पण गोळी मधोमध लागली. वेंडलच्या डोळ्यात पाणी आलं. चकती परत होती तिथे आणायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

शनिवारी उजाडताना नवराबायको मचाणावर बसली होती. थंडी अशी की थर्मासमधली कॉफी ओतेपर्यंत निवत होती. देवदारांच्या रांगेतून एक नर बाहेर आला. डोक्यावर आठ टोकांचं शिंगांचं झाड. तो मोकळ्यावर येऊन आडवा उभा राहिला, शाळेच्या फोटोला उभा राहावा तसा. कोरीनने श्वास सोडला, बंदूक उचलली आणि बार काढला. नराच्या पलीकडच्या झाडाची साल उडाली. त्याने मान वळवून सालीकडे बघितलं. कोरीनने दुसरा बार काढला. दुसऱ्या झाडाची साल उडाली. एवढ्यावर त्या नराला जे समजायचं ते समजलं, आणि तो शेपटीचा पांढरा झेंडा दाखवत निघून गेला.

"तू का नाही मारलंस?" कोरीनने विचारलं.

वेंडलची बंदूक मांडीवरच होती. त्याने ती उचललीच नव्हती. त्याला त्या चार टिचक्या आठवत होत्या, आणि त्याने डोळे मिटून घेतले. आता या वेळी धक्क्याचं कारणसुद्धा नव्हतं.

दुपारी सगळे कॅम्पवर परतले. कोरीनने जाकीट काढलं, शर्टाची शेपटी पँटमधून ओढून बाहेर काढली आणि बापासमोर पाठ करून उभी राहिली. "दोन बार. दोन्ही चुकले. घ्या."

अँब्रोझने कात्री हातात घेतली आणि तशीच धरून उभा राहिला. वेंडलच्या वेळी ही कात्री दारातच वाट बघत असायची. "पहिलीच वेळ आहे तुझी," तो म्हणाला. "जाऊ दे."

"वारा होता," ड्वेन म्हणाला.

"वारा नव्हता," कोरीन म्हणाली.

"ताई, सूर्य डोळ्यावर होता मग."

"सूर्य पाठीवर होता." ती वळली आणि तिघांकडे बघू लागली. "तुम्हाला एवढी दया कधीपासून यायला लागली?"

चुलीत एक ओंडका फुटला. वेंडलला वाटलं की गप्प राहिलो तर हे निभावून जाईल, आणि मग मी जन्मभर या बाईच्या शेजारी हाताच्या अंतरावर बसून राहीन आणि मला तिच्याकडे बघता येणार नाही. त्याने खुर्ची धरली.

"चकती मी फिरवली," तो म्हणाला. "गुरुवारी, तू गावात गेलीस तेव्हा. बाबा, ती बंदूक मी माझ्यासाठी घेतली होती. बडला खोटं सांगितलं. मला तुमच्या बंदुकीची भीती वाटते. लग्नापासून वाटते. सप्टेंबर लागला की माझं पोट दुखायला लागतं."

वेंडल आता बीन्सच्या भांड्याकडे बघत होता. पुढची वीस वर्षं त्याला त्यात दिसत होती.

"किती फिरवली?" ड्वेनने हळूच विचारलं.

"चार टिचक्या. उजवीकडे."

ड्वेनने कान खाजवला. "मी सहा वर केली होती. माझा खांदा... दाजी, गेल्या वर्षापासून मला हात वर करून गंजी घालता येत नाही. बायको घालते."

दोघांनी अँब्रोझकडे बघितलं. म्हातारा कात्रीकडे बघत होता. "मी डावीकडे केली," तो म्हणाला. "किती ते मोजलं नाही. सुख लागलं होतं, फिरवत राहिलो." मग तो खाली बसला. "डॉक्टरने एप्रिलातच सांगितलंय, मोठी बंदूक बंद. सांधा झिजलाय. रात्री कूस बदलता येत नाही मला."

"एप्रिलात?" कोरीन म्हणाली. "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? चाळीस वर्षं सगळ्यांना सांगितलं, लहान गोळीने हरणाला गुदगुल्या होतात." त्याने वेंडलकडे बघितलं, आणि त्या मोठ्या चेहऱ्यावर असा भाव होता की वेंडलने तो तिथे आधी कधी बघितला नव्हता. "म्हणून तुला ईस्टरला विचारलं, आत थांबतोस का. मला वाटलं, तू आत राहिलास तर मलाही राहता येईल. जावयाला सोबत म्हणून. एकटा आत बसलो असतो तर सगळे म्हणाले असते, वान्टा संपला."

सात महिने वेंडलने जो अपमान उशाशी घेऊन झोप घालवली होती, तो अपमान नव्हताच. ती विनंती होती, आणि त्याला ती कळली नव्हती. त्याला म्हाताऱ्याची फार दया आली, आणि थोडी स्वतःचीही.

अँब्रोझने कात्री टेबलावर ठेवली. "झालं तर मग. नेम आम्ही बिघडवला. पोरीची चूक धरायची नाही."

"धरायची!" कोरीन एवढ्या मोठ्याने म्हणाली की ड्वेन उभा राहिला. "दुर्बीण मी पुन्हा तपासायला हवी होती, तपासली नाही. बार मी काढले. चुकले मी. ते माझ्याकडून काढून घेऊ नका, बाबा. आजवर मला नेम चुकायलासुद्धा कुणी बोलावलं नव्हतं." ती पुन्हा पाठ करून उभी राहिली. "कापा."

अँब्रोझने कापली. तुकडा वाकडा निघाला. त्याने त्यावर नाव लिहिलं, साल लिहिलं, आणि आपली एक शेपटी खिळ्यासकट उपटून त्या जागी ती ठोकली, मधोमध. मग कोरीनने कात्री मागून घेतली आणि तिघांना ओळीने उभं केलं. तिघांच्याही शेपट्या गेल्या.

जेवणानंतर ड्वेनने खाणीत नेऊन दुर्बीण नीट करून दिली आणि संध्याकाळच्या मचाणाला बहिणीबरोबर तोच गेला. शिक्षा म्हणून. म्हातारा आणि जावई आत राहिले. दोघांच्या पाठीला गार वारा लागत होता. वेंडलने बीन्स चढवले. अँब्रोझने चव घेऊन सांगितलं की मीठ कमी आहे, मग म्हणाला, जास्त आहे. वेंडलने दोन्ही ऐकून घेतलं.

उजेड उतरत आला तसा अँब्रोझ खुर्ची सरकवून खिडकीजवळ आला. वेंडलही हातात डाव घेऊन त्याच्याजवळ उभा राहिला.

देवदारांकडून एक बार आला. दोघांचे उजवे खांदे एकदमच मागे गेले आणि चारही डोळे मिटले. डोळे उघडल्यावर त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मिटले नव्हते असं कुणीच दाखवलं नाही.

"एकच," अँब्रोझ कुजबुजला. "लागला असेल तर दुसरा येणार नाही." ते दुसरा बार येतो का म्हणून वाट बघत राहिले. दुसरा आला नाही.